जुन्या डिझेल गाडीचे आयडलिंग डळमळते तेव्हा: पंप खोलण्याआधी काय तपासावे

इंदूरमध्ये जुनी डिझेल गाडी घेऊन एखाद्या गॅरेजमध्ये गेलो आणि ‘सिग्नलवर उभी राहिली की थरथरते, मधूनच मिसिंग करते’ (म्हणजे एखादे सिलिंडर मधेच पेट चुकवते) असे सांगितले, तर बॉनेट उघडण्यापूर्वीच ‘पंप खोलना पड़ेगा’ हे वाक्य कानावर पडण्याची शक्यता बरीच असते. पंप, म्हणजे सिलिंडरकडे दाबाने डिझेल पाठवणारा इंजेक्शन पंप, कधीकधी खरोखरच दोषी असतो, हे खरे. परंतु पंप उतरवणे, टेस्ट बेंचवर लावणे आणि टायमिंग जुळवून पुन्हा बसवणे हे सगळ्यात खर्चाचे काम आहे, आणि अनेक गाड्यांमध्ये दोष निघतो तो एखाद्या चिरलेल्या रबरी पाइपात किंवा किरकोळ किमतीच्या तांब्याच्या वॉशरमध्ये. म्हणून पंप यादीत सर्वांत शेवटी ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील क्रम त्याच हिशेबाने लावला आहे: आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग थोड्या पैशांच्या, आणि पंपवाल्याचे दुकान त्यानंतर.

आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, गाडी थरथरते आणि वेग घेतला की थरथर नाहीशी होते, याचे अनेक नव्या मालकांना आश्चर्य वाटते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 400 वेळा, म्हणजे सेकंदाला साडेसहा वेळांच्या आसपास, डिझेल पेटते. या संथ गतीला दर वेळी आत जाणारे डिझेल अगदी थोडे, काही घनमिलिमीटर एवढेच असते. त्यात एका सिलिंडरला दोन घनमिलिमीटर कमी मिळाले तर तो फरक फार मोठा ठरतो. चढावर, भरल्या गाडीत, तेवढाच फरक एकूण मापात सहज लपून जातो. त्यामुळे ‘हायवेवर गाडी मस्त पळते’ हा इंजिन निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. पीयूसी प्रमाणपत्राचेही तसेच आहे: डिझेल गाडीची धुराची तपासणी न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून होते, तिचा आयडलिंगशी थेट संबंध नसतो.

आधी इंजिन कोणत्या पद्धतीचे आहे ते ओळखावे

ही पायरी ओलांडू नये, कारण पुढच्या काही चाचण्या एका प्रकारच्या इंजिनावर योग्य आणि दुसऱ्यावर जीवघेण्या आहेत. पंपाच्या डोक्यातून प्रत्येक सिलिंडरसाठी एक स्वतंत्र पोलादी नळी निघून थेट इंजेक्टरपर्यंत, म्हणजे गॅरेजच्या बोलीत नोझलपर्यंत, जात असेल आणि नोझलला विजेची वायर जोडलेली नसेल, तर ती जुनी मेकॅनिकल पद्धत होय. सुरुवातीच्या काळातील टाटा इंडिका, टोयोटा क्वालिस, डिझेल ॲम्बेसेडर, मारुतीच्या झेन आणि एस्टीमच्या डिझेल आवृत्त्या या गटात येतात. याउलट सर्व नळ्या एका जाड लोखंडी दांड्यावर येऊन मिळत असतील आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचा कनेक्टर असेल, तर ते कॉमन रेल इंजिन. 2005 ची इनोव्हा, 2007 पासूनची डिझेल स्विफ्ट, ॲक्सेंट सीआरडीआय, स्कॉर्पिओ सीआरडीई ही त्याची ओळखीची उदाहरणे आहेत.

कॉमन रेलमध्ये नुसत्या आयडलवरही साधारण 250 ते 300 बार दाब असतो आणि जोर लावल्यावर तो हजार बारच्या पुढे जातो. चालू इंजिनावर त्याची नळी कधीही, कोणत्याही कारणाने सैल करू नये. एवढ्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. बाहेर टाचणीएवढा ठिपका दिसतो, पण आतील पेशी मरू लागतात आणि त्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. मेकॅनिकल पद्धतीतही नोझल उघडण्याचा दाब शंभर बारच्या वर असतो, त्यामुळे गळती शोधण्यासाठी बोट फिरवण्याची सवय तिथेही वाईटच. गळती पाहायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरावा.

काम सपाट जागेवर, मोकळ्या हवेत, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड किंवा ठोकळ्याची ओट लावून करावे. रेडिएटरचा विजेचा पंखा कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होतो, हे लक्षात ठेवून ओढणी, सैल बाही आणि हातातील कडे आधी बाजूला करावे.

हत्यार उचलण्यापूर्वी पाहावे, ऐकावे आणि लिहून ठेवावे

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करून पाच मिनिटे नुसती ऐकावी. एका ठरावीक ठेक्यात धक्का बसत असेल तर बहुधा एकच सिलिंडर काम टाळत आहे. आरपीएमचा काटा हळूहळू वर-खाली होत असेल, म्हणजे इंजिन हंटिंग करत असेल, तर संशय डिझेलमध्ये शिरलेल्या हवेवर किंवा पंपाच्या गव्हर्नरवर, म्हणजे इंजिनाची गती सांभाळणाऱ्या भागावर, जातो. कॉमन रेलमध्ये दाब सांभाळणाऱ्या वॉल्ववर जातो. थरथर फक्त थंड असताना होऊन दोन-तीन मिनिटांत थांबते का, गरम झाल्यावर वाढते का, एसी लावल्यावर काय होते, हेही टिपून ठेवावे.

धूर पुष्कळ काही सांगतो. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळता बाहेर पडलेले डिझेल. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढऱ्या धुराला डिझेलचा वास नसेल आणि कूलंटची पातळी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि या लेखातील इतर उपाय बाजूला ठेवून आधी ते तपासून घ्यावे.

एक शंका आधीच मिटवावी. आरपीएमचा काटा स्थिर आहे, आवाज एकसारखा आहे, पण स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड मात्र थडथडतो, असे असेल तर इंजिन बरोबर चालते आहे आणि इंजिन ज्यांवर टेकलेले असते ती माउंटिंगची रबरे दबून खराब झाली आहेत. बॉनेट उघडे ठेवून सहकाऱ्याला क्षणभर रेस करून सोडायला सांगावे आणि स्वतः बाजूला उभे राहून पाहावे. इंजिन जागच्या जागी उसळून आदळत असेल तर माउंटिंग बदलावे. या साध्या गोष्टीसाठी नोझल उतरवून घेतलेले लोक कमी नाहीत.

डिझेल, फिल्टर आणि पाणी

फिल्टर शेवटचा कधी बदलला हे माहीत नसेल, आणि दिल्लीकडून किंवा दोन-तीन हात फिरून आलेल्या गाडीत ते सहसा माहीत नसतेच, तर तो बदलूनच पुढे जावे. बदलण्यापूर्वी फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत पावभर डिझेल काढावे आणि बाटली दहा मिनिटे स्थिर ठेवावी. पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. पावसाळ्यात आणि महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत ते हमखास सापडते. तळाशी काळपट, चिकट साका दिसला तर टाकी उतरवून धुणेच योग्य, नाहीतर नवा फिल्टरही लवकरच तुंबेल. एअर फिल्टरही याच वेळी काढून पाहावा. त्यासाठी वेगळा दिवस लागत नाही.

हवा: सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

बहुतेक जुन्या मेकॅनिकल गाड्यांमध्ये टाकीपासून पंपापर्यंतची लाइन दाबाने नव्हे, तर ओढीने चालते. पंप डिझेल खेचतो. त्यामुळे या भागात चीर पडली तर डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही. उलट हवा आत खेचली जाते आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. ‘कुठेच लीकेज नाही’ असे मिस्त्री मनापासून सांगतो तेव्हाही गाडी ‘हवा ले रही है’ अशी स्थिती असू शकते. रात्रभर उभी राहिल्यावर स्टार्टर बराच वेळ मारावा लागणे, सुरू होऊन लगेच बंद पडणे, आणि तोंड वर करून चढावर लावलेली गाडी अधिक त्रास देणे, ही त्याची ठळक लक्षणे आहेत, कारण फटीतून हवा शिरली की लाइनमधील डिझेल टाकीकडे परत उतरते.

तपासणीसाठी सियागंजातील कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून योग्य व्यासाची पारदर्शक नळी वीतभर आणि चार क्लिपा घ्याव्यात. फिल्टर आणि पंप यांच्यामधील रबरी पाइप काढून त्या जागी ही नळी बसवावी, हवा काढावी (पद्धत पुढे दिली आहे) आणि इंजिन सुरू करावे. पहिले एक-दोन मिनिटे बुडबुडे दिसणे स्वाभाविक आहे. त्यानंतर नळी काचेसारखी स्वच्छ दिसली पाहिजे. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येतच राहिले, आणि एखादा मोठा बुडबुडा पंपात शिरताच इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसला, तर चोर सापडला असे समजावे. ही नळी कायमची ठेवू नये; डिझेल आणि उष्णता यांमुळे ती कडक होऊन तडकते.

हवा नेमकी कुठून शिरते हे शोधण्याची पद्धत अशी आहे. दोन लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेऊन तो कॅन पंपापेक्षा उंच, सायलेन्सरच्या गरम भागापासून दूर पक्का बांधावा. टाकीकडून येणारा पाइप फिल्टरच्या तोंडापासून काढून त्या जागी कॅनमधील पाइप जोडावा. परतीचा पाइपही याच कॅनमध्ये सोडावा, हे महत्त्वाचे. पंप जेवढे डिझेल ओढतो त्यातील बराच भाग परत पाठवतो, आणि तो टाकीकडे जात राहिला तर कॅन पाहता पाहता रिकामा होतो. आता बुडबुडे थांबून इंजिन एकसारखे चालले तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे. बुडबुडे तसेच राहिले तर कॅनचा पाइप फिल्टरच्या पुढे, थेट पंपाला जोडून पुन्हा पाहावे. या वेळी फिल्टर मधे नसल्याने डिझेल बारीक कापडातून दोनदा गाळलेले असावे. फिल्टर वगळताच इंजिन सुधारले तर फिल्टरची ओ-रिंग, त्याचा ड्रेन स्क्रू किंवा डोक्यावरील हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलण्याचा छोटा पंप) यांपैकी काहीतरी हवा घेते आहे. लाइनमध्ये रबरी फुग्याचा प्रायमर असेल तर त्याच्यावर संशय आधी घ्यावा, कारण तो जुना झाला की दोन्ही टोकांना बारीक चिरतो. बँजो बोल्टखालचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घालावेत. एकदा दबलेले वॉशर नीट बसत नाही.

नोझलांना एकमेकांशी जोडणारे परतीचे बारीक, कापडी वेष्टणाचे पाइप बहुतेक वेळा विसरले जातात. त्यांच्या तोंडाशी ओलसर काळा थर दिसला तर सर्व तुकडे एकदमच बदलावेत. स्वस्तातील काम आहे, आणि सकाळच्या कठीण स्टार्टिंगचे ते एक नेहमीचे कारण आहे.

दुरुस्तीनंतर हवा काढताना फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर चालवत राहावे, फेस थांबून अखंड धार येऊ लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. त्यानंतरही मेकॅनिकल इंजिन सुरू झाले नाही तर नोझलकडील दोन नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारावा आणि डिझेल दिसताच ते आवळावेत. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मधे त्याला मिनिटभर थंड होऊ द्यावे.

दोषी सिलिंडर कोणते

हवेचा प्रश्न नाही आणि ठेक्यात बसणारा धक्का तसाच आहे, अशा वेळी मेकॅनिकल इंजिनावर एकेक सिलिंडर बंद करून पाहावे. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घालावेत. इंजिन आयडलवर ठेवून पहिल्या नोझलच्या नळीच्या नटाभोवती फडके गुंडाळावे आणि पान्याने (बहुतेक गाड्यांमध्ये 17 नंबरचा लागतो) नट जेमतेम अर्धा फेरा सैल करावा. डिझेल फडक्यात झिरपेल आणि ते सिलिंडर बंद पडेल. इंजिन आणखी लंगडले तर ते सिलिंडर चांगले काम करत होते. नट आवळून दुसऱ्याकडे वळावे. ज्या नटाला सैल केल्यावर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर मुळातच काम करत नव्हते.

तेवढ्यावरून नोझल बदलायला धावू नये. इंजिन बंद करून त्या सिलिंडरचे नोझल शेजारच्याशी अदलाबदल करावे, खालचे तांब्याचे आणि उष्णतारोधक वॉशर नवे घालावेत आणि चाचणी पुन्हा करावी. दोष नोझलबरोबर शेजारी गेला तर नोझल दोषी. तो जागचा हलला नाही तर कारण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर), टॅपेट (इंजिनाचे वॉल्व उघडणारा भाग) किंवा पंपातून त्या नळीत डिझेल सोडणारा डिलिव्हरी वॉल्व यांत आहे. एवढी माहिती हातात असली की पंपवाल्याशी बोलणे फार सोपे होते.

नोझल तपासायला देताना चारही एकत्र द्यावीत आणि टेस्टरवर लावलेली असताना स्वतः उभे राहून पाहावे. दांडा दाबल्यावर कर्रकर्र आवाज करत धुक्यासारखा बारीक फवारा उडाला पाहिजे. पिचकारीसारखी धार उडाली किंवा फवारा थांबल्यावर टोकाशी थेंब लोंबला, तर ते नोझल टपकते आहे. उघडण्याचा दाब गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे असावा, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे चारही नोझलांचा दाब एकमेकांशी जुळावा. एकच नवे आणि तीन थकलेली, अशी जोडणी केली तर आयडल बहुधा तसेच डळमळते राहते.

कॉमन रेल गाडीत हीच माहिती स्कॅनर देतो. प्रत्येक सिलिंडरला समान गतीवर ठेवण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, डिझेल किती वाढवतो वा कमी करतो, ते आकडे आयडलवर गरम इंजिनात पाहावेत. तीन आकडे शून्याच्या आसपास आणि एक बराच दूर असेल तर ते सिलिंडर संशयित. त्यानंतर परतीच्या नळ्या काढून प्रत्येक इंजेक्टरला एकसारखी बाटली लावावी आणि ठरावीक वेळ इंजिन चालवून पातळी पाहावी. एखादी बाटली इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे. ही परतीची नळी कमी दाबाची असते, तरी ती इंजिन बंद असतानाच जोडावी. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा, कडक थर जमला असेल आणि ‘फुस-फुस’ आवाज येत असेल, तर वॉशरमधून ज्वलनाचा वायू बाहेर पडतो आहे. ते काम लांबवू नये, पुढे इंजेक्टर जागेवरून निघेनासा होतो. अनेक गाड्यांत नव्या इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूत भरावा लागतो, आणि तो न भरता गाडी हाती दिली जाते, म्हणून त्याबद्दल आवर्जून विचारावे.

फक्त थंडीत त्रास होत असेल तर

डिसेंबर-जानेवारीत इंदूरची पहाट दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरते, आणि मग उन्हाळाभर न दिसलेला दोष समोर येतो. सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटे मिसिंग आणि पांढरा धूर, नंतर सर्व सुरळीत, असे असेल तर हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे प्लग, तपासावेत. प्लगांना जोडणारी पट्टी किंवा वायर काढून मल्टिमीटरने प्रत्येक प्लग आणि इंजिनाचा धातू यांमधील रोध मोजावा. चांगल्या प्लगचा रोध एक-दोन ओहमपेक्षा कमी असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग जळला आहे. सगळेच चांगले निघाले तर रिले आणि फ्यूज पाहावे. जुना प्लग काढताना इंजिन कोमट असावे, आदल्या रात्री बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडावे, आणि तो अडला तर जोर करू नये. हेडमध्ये तुटलेला प्लग ही मूळ आजारापेक्षा मोठी आपत्ती आहे.

उरलेली कारणे

गाडीत ईजीआर वॉल्व, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा वॉल्व, असेल आणि आयडलवर काळसर धूर असेल, तर तो काजळीने उघडा अडकला आहे का ते पाहावे. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याचा बारीक पाइप काढून तोंड बंद करावे. फरक पडला नाही तर वॉल्व उतरवून साफ करावा, कारण अडकलेला वॉल्व पाइप काढूनही बंद होत नाही.

टॅपेटचे अंतर थंड इंजिनावर फीलर गेजने मॅन्युअलप्रमाणे जुळवावे. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर हा प्रश्नच नाही. कॉम्प्रेशन मोजायला पेट्रोल गाडीचे गेज चालत नाही, डिझेलचे वेगळे लागते. आकडा 20 बारच्या खाली गेलेला असेल किंवा सिलिंडरांमध्ये तीन-चार बारपेक्षा अधिक फरक असेल, तर इंजिन आतून झिजले आहे आणि कोणताही पंप किंवा नोझल त्यावर उपाय नाही.

एवढे सर्व ठीक निघाले तरच पंपाकडे यावे, आणि तेव्हाही आधी टायमिंग बेल्टची स्थिती आणि पंपाचे टायमिंग तपासून घ्यावे. रोटरी पंपाचे टायमिंग डायल गेजने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवायचे असते. पंप कानाच्या अंदाजाने फिरवून ‘आवाज अच्छा आ गया’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये. पंपावरील आयडलचा स्क्रू सगळे दोष गेल्यावर, इंजिन पूर्ण गरम असताना, पाव-पाव फेरा फिरवून मॅन्युअलमधील गतीला आणावा. आधीच तो वर चढवून ठेवला तर थरथर लपते, डिझेल जास्त जाते आणि दोष आत वाढत राहतो. तारेने किंवा शिशाने सील केलेला कमाल डिझेलचा स्क्रू वेगळा असतो. त्याला हात लावू नये.

काम पूर्ण झाल्यावर एसी, हेडलाइट आणि ब्लोअर एकत्र लावून आयडल पाहावे. मग खंडवा रोडने सिमरोलच्या घाटापर्यंत एक फेरी मारून, गाडी गरम असतानाच पुन्हा पाच मिनिटे उभी करून ऐकावी. परत आल्यावर उघडलेला प्रत्येक नट आणि क्लिप पुठ्ठा धरून तपासावी, आणि सांडलेले डिझेल टायमिंग बेल्टवर, रबरी होजवर किंवा माउंटिंगवर राहिले असेल तर ते पुसून काढावे, कारण डिझेलने रबर फुगते आणि नरम पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, पहिल्या स्टार्टला ती कशी सुरू होते हे लिहून ठेवलेल्या टिपणाशी ताडून पाहावे.